पावती क्रमांक एक

कर भरायचं व्यसन लागलेला माणूस मी जगात एकच पाहिला. लोकांना तंबाखूचं लागतं, पत्त्यांचं लागतं, आमच्या शेजारच्या एका गृहस्थांना तर दुसऱ्यांच्या मयताला जायचं लागलं होतं. या बाबांना घरपट्टीचं लागलं होतं. उल्हासनगरच्या कॅम्पांपासून बदलापूरच्या शेवटच्या टॉवरपर्यंत कुणालाही विचारा, एक एप्रिलच्या सकाळी कर विभागाच्या बंद शटरसमोर स्वतःच्या घरची प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेला माणूस त्यांनी पाहिला आहे का. आमच्या कचेरीने बाबांना अकरा वर्षं पाहिलं.

पण घरपट्टी या शब्दाशी माझी ओळख बाबांनी करून दिली नाही, ढोलाने करून दिली. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. कारखाना बंद पडला आणि वर्षभरात वडीलही गेले. आई कॅम्प पाचमधून जीन्सचे गठ्ठे आणायची आणि शिलाईचे सुटे धागे कापून परत द्यायची. चाळीतल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत निळा भुसा इतका उडायचा की डाळसुद्धा निळसर दिसायची. दोन वर्षांची घरपट्टी थकली. मी बारावीला होतो. मार्च महिन्यात वसुलीचं पथक आलं, दोन कारकून, एक शिपाई आणि दोन ढोलवाले. थकबाकीदाराच्या दारात ढोल वाजवायचा, म्हणजे तो लाजेने पैसे काढतो, अशी ती पद्धत. ढोलवाले एरवी लग्नात वाजवणारे, त्यांना हळदीची चाल सोडून दुसरं काही येत नव्हतं. त्यांनी तीच वाजवली. चाळीतली पोरं धावत आली आणि नाचायला लागली. आई दारात उभी, हातात धागे कापायची कात्री. माझ्या कॉलेजच्या प्रवेशासाठी साठवलेले पैसे तिने पिठाच्या डब्यातून काढून दिले. पुढे गठ्ठेवाल्याकडून उचल घेऊन तिने प्रवेशही घेऊन दिला आणि ती उचल दिवाळीपर्यंत धागे कापून फेडली. मी बी.कॉम. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, हे मी अजूनही कुणी विचारलं नाही तरी सांगतो. मग परीक्षा दिली आणि लिपिक म्हणून लागलो तो नेमका त्याच कचेरीच्या कर विभागात. कुठल्या गावची कचेरी ते सांगत नाही. नोकरी अजून तिथेच आहे आणि मला ती हवी आहे. नेमणुकीचं पत्र आईला वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ढोल घेऊन कुणाच्या दारात जाऊ नकोस."

तर बाबा. जुने शेतकरी. सोनिवलीकडे काय आणि आमच्याकडे काय, जिथे भात डोलायचा तिथे आता चौदा मजली इमारती आहेत. बाबांच्या भातावर तीन उभ्या राहिल्या. बिल्डरकडून आलेल्या पैशांतून त्यांनी चार मजल्यांचं घर बांधलं, संगमरवराचं, लिफ्टसकट. लिफ्टने स्वतः कधी वर गेले नाहीत. तिच्यातून तांदळाची पोती वर जायची आणि बाबा काठी टेकत जिन्याने तिच्यामागून. पोरांकडे दोन मोठ्या गाड्या, बाबा चालत. अंगात पांढराशुभ्र सदरा, बोटात सुपारीएवढी अंगठी आणि तोंडात एकच प्रश्न. लोक भेटल्यावर "जेवलास का" विचारतात, बाबा विचारायचे, "घरपट्टी भरलीस का?" हा प्रश्न त्यांनी लग्नात नवरदेवाच्या बापाला विचारला आहे, दवाखान्यात सलाईन लावलेल्या साडूला विचारला आहे. नातीसाठी डोंबिवलीचं चांगलं इंजिनीअरचं स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांच्या बोलण्यात दोन वर्षांची थकबाकी निघाली आणि बाबांनी चहा यायच्या आत बैठक मोडली.

एकदा कर भरला की गाव आपलं, अशी त्यांची समजूत. दिवसा रस्त्यावरचा दिवा जळताना दिसला की वायरमनला फोन लावायचे आणि तो येईपर्यंत खांबाखालून हलायचे नाहीत. डांबराचा रोलर दिसला की चालकाला परत एकदा फिरव म्हणायचे, "माझे पैसे हायत यात." घंटागाडीचं गाणं लागलं की ओटीवरून उठून उभे राहायचे. पावत्या लॅमिनेट करून देवघराशेजारी ओळीने टांगलेल्या, त्यांना उदबत्ती. प्रत्येकीवर क्रमांक एक. नातवाने एकदा समजावलं की रात्री बाराला फोनवरून भरता येते, खुर्ची न्यायची गरज नाही. बाबा म्हणाले, "फोन काय देवापाशी टांगू?" दर वर्षी एक तारखेला ते पहाटे यायचे, येताना खिडकीवरच्या माणसासाठी फडक्यात चार कैऱ्या, आणि दुपारी साहेब त्यांना आदर्श करदाता म्हणून शाल आणि नारळ द्यायचे. फोटो, टाळ्या, पेढे. सगळं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. ते बिघडवलं मी, आणि तेही चांगुलपणाने.

खिडकीवरची माझी पहिलीच एक एप्रिल. बाबांनी घराचा नंबर सांगितला, मी बटणं दाबली, पावती छापून आली. क्रमांक एक. सही करता करता माझी नजर वापराच्या रकान्यावर गेली. तिथे लिहिलं होतं, गोठा. रक्कम दोनशे चाळीस रुपये. माझ्या डोक्यात काही काळंबेरं आलं नाही. श्रीमंत माणूस, गोठाही असेल. मी अगदी अदबीने म्हटलं, "बाबा, ही गोठ्याची झाली. घराची पण आत्ताच भरताय ना?"

मागची रांग खिडकीकडे सरकली. बाबांनी काच पुसून आत पाहिलं, जणू काचेमुळे ऐकू आलं नसावं. "कुठला गोठा?"

मी पावती वाचून दाखवली. बाबांची शाळा दुसरीत सुटलेली. आकडे येत, अक्षरं नाहीत. अकरा वर्षं ते गोठ्याची पावती देवाशेजारी टांगून तिला उदबत्ती लावत होते. घर जिथे उभं राहिलं तिथे पूर्वी गुरं बांधलेली असत, आमच्या दप्तरात ती गुरं अजून तिथेच होती. बाबांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता पाणी आणावं लागणार. मग ते हळूच म्हणाले की आधी भरणाऱ्याला सूट मिळते म्हणतात, त्यांना वाटलं पहिल्या नंबरला जास्त मिळत असेल. कुणीतरी हसलं. बाबांनी पावती परत खिडकीतून आत ढकलली. "रद्द कर. घराची देशील तवा भरीन."

त्या संध्याकाळी मी मूळ नोंदवही काढली. आईच्या खोलीची घरपट्टी मला पाठ आहे, अकराशे साठ. दहा बाय बारा, पत्र्याचं छप्पर, नळ सामाईक. शेजारच्या पानावर बाबांचे चार मजले, लिफ्ट, दोनशे चाळीस. मी ते पान दोनदा मिटून दोनदा उघडलं. तोपर्यंत मला वाटायचं की श्रीमंत माणूस कर चुकवतो म्हणजे काहीतरी कारस्थान असणार, वकील असणार, परदेशात बँक असणार. इथे काही नव्हतं. फक्त कुणी मोजायला गेलं नव्हतं. आमच्या खोलीचं मोजमाप मात्र दोनदा झालेलं, दुसऱ्यांदा आईने बाहेर घातलेल्या न्हाणीच्या आडोशासकट. पुढे पाहिलं तर त्याच रस्त्यावर आणखी नऊ गोठे. मी तो रस्ता ओळखतो. तिथे शेणाची एक गोवरी मिळणार नाही, पण दारोदार कॅमेरे आहेत. बी.कॉम.ला मी करआकारणी शिकलो होतो आणि त्या विषयात मला चांगले मार्क होते. त्या पुस्तकात हे पान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावून विचारलं की तोंड कुणी उघडायला सांगितलं होतं. एक गोठा मोजला की दहा मोजावे लागतात आणि त्या दहांत कोण कोण राहतं ते तुला माहीत आहे का. माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती, याचीही त्यांनी प्रेमाने आठवण करून दिली. मी मान खाली घालून बाहेर आलो. हे लिहायला लाज वाटते, पण आलो.

बाबा मात्र हटले नाहीत. कर कमी करा म्हणायला आमच्याकडे छापील अर्ज आहे, वाढवा म्हणायला नाही. त्यातल्या 'आकारणी जास्त झाली आहे' या ओळीत त्यांनी नातवाकडून 'जास्त' खोडून तिथे 'कमी' लिहून घेतलं. आवक-जावकच्या कारकुनाने अर्ज नमुन्यात नाही म्हणून परत केला. बाबांनी पुन्हा दिला. मग दर सोमवारी खुर्ची घेऊन माझ्या खिडकीपाशी. साहेब त्यांना आत नेऊन चहा पाजायचे, बघतो म्हणायचे. घरी पोरं चिडलेली. बाबांनीच मला सांगितलं की थोरल्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं आणि तो म्हणतो, सरकार मागत नाही तर तुम्हाला कसली खाज. एका सोमवारी त्यांनी सगळ्या शाली आणून साहेबांच्या टेबलावर ठेवल्या, घडीसुद्धा न मोडलेल्या. शिपायाला थंडीत त्यांतली एक मिळाली, एवढंच त्या दिवशीचं कामकाज.

अशाच एका सोमवारी त्यांनी मला विचारलं, "तुझ्या आईची घरपट्टी किती?" मी आकडा सांगितला. मग का कोण जाणे, ढोलाचंही सांगितलं. बाबा काठीची मूठ चोळत राहिले. मग विचारलं, कोणती चाल होती. मी म्हटलं, हळदीची.

"तुझ्या आईच्या दारात ढोल," बाबा म्हणाले, "आणि माझ्या दारात शाल. एकाच हापिसातून."

मग खुर्चीची पाठ धरून उठता उठता जे म्हणाले ते मी विसरणार नाही. "अक्षर नाय वाचता येत मना. आकडा वाचता येतो. कमी हाय ते कळत होतं रे. इचारलं नाय. कमी असला की माणूस इचारत नाय."

मार्च आला. बाबा आता आमच्या दप्तरी दोनशे चाळीस रुपयांचे थकबाकीदार. त्यांनी साहेबांकडे रीतसर मागणी केली की माझ्या दारात ढोल पाठवा. साहेब घाबरले. आदर्श करदात्याच्या दारात ढोल म्हणजे उद्या पेपरात बातमी. त्यांनी स्वतःच्या खिशातून दोनशे चाळीस रुपये काढून माझ्या खिडकीत ठेवले आणि म्हणाले, फाड पावती, विषय संपव. मी त्या नोटांकडे पाहिलं. नोकरी आठवली, पिठाचा डबा आठवला. आमच्या खात्यात एक वाक्य आहे, ज्याने आजवर हजारो गरिबांना उन्हात उभं केलं आहे. ते मी पहिल्यांदाच वरच्या दिशेने वापरलं. "साहेब, सिस्टिम बंद आहे." ती सलग तीन दिवस बंद राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला बाबांनी स्वतःच्या पैशांनी स्वतःच्या दारात ढोल लावला. शोधून शोधून आमच्या चाळीत वाजवणारी तीच दोन माणसं आणली, आता केस पिकलेली. त्यांनी हळदीचीच चाल धरली. रस्त्यावरच्या दहाही गोठ्यांतून माणसं बाहेर आली. कुणाचं लग्न म्हणून बायका ओटीवर चौकशी करू लागल्या. थोरला वरच्या मजल्यावरून ओरडत होता आणि बाबा संगमरवरी पायरीवर आपली खुर्ची टाकून, हात जोडून, प्रत्येकाला सांगत होते, "घरपट्टी थकली माझी. बघून घ्या." पोरं नाचायला लागली. सगळ्यांच्या फोनवर त्याचाच व्हिडिओ. दुपारी तीन वाजता साहेब स्वतः मोजणीची टेप घेऊन आले, आणि टेपचं दुसरं टोक धरायला मला घेऊन.

मोजमाप चालू असताना बाबा आमच्यामागून चालत होते. एकही गच्ची, एकही जिना त्यांनी सुटू दिला नाही. तळमजल्यावर दोन गाड्यांमध्ये येऊन थांबले. काठीने फरशीवर एक चौकोन काढला. म्हणाले, इथे कपिली गाय बांधलेली असायची, तिकडे बैल, इमारत उठली तेव्हा कपिलीला मुरबाडला मेहुण्याकडे सोडली आणि परत कधी बघायला गेलो नाही. मग स्वतःशीच म्हणाले, "गोठा होता तवा खरा होता." साहेबांनी टेप गुंडाळली.

त्या वर्षी एक एप्रिलला बाबा नेहमीसारखे पहाटे आले. त्यांच्या घराची नवी आकारणी अजून सहीसाठी अडकलेली, म्हणजे त्यांना भरता येणार नव्हतं. तरी आले, खुर्ची घेऊन आणि फडक्यात चार कैऱ्या घेऊन. मी आईलाही आणलं होतं. तिने ठेवणीतली साडी नेसली होती आणि शटरकडे बघून माझ्या कानात विचारलं, "ढोल नाही ना रे वाजणार?" बाबांनी ते ऐकलं. खुर्ची तिच्यापुढे सरकवली, म्हणाले, "बस बाय. आज वाजवणारे नाय." आई संकोचाने अर्धवट टेकली. बाबा तिच्यामागे काठीवर भार देऊन उभे राहिले, रांगेत दुसरे, भरायला काहीच नसताना. शटर उघडलं तेव्हा त्यांनी सवयीने एक पाऊल पुढे टाकलं आणि मग मागे घेतलं.

बाबांचं घर मे महिन्यात घर म्हणून लागलं. त्यांनी मागच्या फरकासकट सगळं भरलं, पावतीचा नंबर चारशेच्या पुढचा होता, तो त्यांनी टांगला नाही. उरलेल्या नऊपैकी सहा मोजून झाले, तीन राहिलेत. माझी नोकरी पक्की झाली. खोली त्या एक एप्रिलच्या आधीच वडिलांच्या नावावरून आईच्या नावावर झाली होती, आणि त्या वर्षीची पावती क्रमांक एक तिच्या नावाने फाटली.