बापाच्या होडीत आई

"तिच्याजवळ उदबत्ती लावा. पाहुण्यांना वास यायला नको," संस्थेचे चिटणीस म्हणाले. मी लावली. ती बाई माझी आई होती. तिथं कोणाला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम होती. गिरगावातल्या त्या संस्थेनं मुंबईच्या जुन्या जलमार्गांचं प्रदर्शन भरवलं होतं. मुंबई मूळची आपली, हे लोकांना दाखवायचं होतं. मी तिथं कारकून. माहीमच्या कोळीवाड्यातून होडी आणि एक कोळीण आणतो, असं मीच पुढे होऊन म्हणालो. होडी माझ्या बापाची. तो वारला होता. तिच्यातून तो मुशी माशाचे सुकवलेले पर खाडीमार्गे बंदरावरच्या व्यापाऱ्यांना पोचवायचा. आता त्याच होडीत, दोरखंडाच्या कुंपणात, आई रिकामी टोपली घेऊन सकाळपासून बसलेली. मी शेजारी छडीनं नकाशा दाखवत होतो. पुस्तकी मराठीत.

दुपारी ती हळूच म्हणाली, "बाला, जरा उतरू का? पाय मेले."

पाहुणे बघत होते. मी म्हणालो, "मावशी, थोडं थांबा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग काही मागितलं नाही.

फोटोसाठी चिटणीस बुटांसकट होडीत चढले. आमच्यात पायताण घालून कोणी होडीत पाय ठेवत नाही. त्या सभागृहात हे आम्हा दोघांनाच माहीत. मी छडी नकाशावरच धरली. बोलली ती आईच.

"पायतान कार. होरी हाय ती."

ते हसले. मला म्हणाले, "हिला बोलायची रीत शिकवा. उद्या एखादी गप्प बसणारी आणा."

मी छडी खाली ठेवली. "ही माझी आई आहे. बूट काढा."

त्यांनी काढले नाहीत. मी आईला हात दिला. तिनं धरला नाही. होडीच्या काठाला धरून एकटी उतरली.

नोकरी गेली. होडी वाड्यातल्या चौघांनी परत आणली. पण त्या संध्याकाळी ताट वाढून आई म्हणाली, "तुमी बसा." मला. पोटच्या पोराला. मरेपर्यंत मग तुमीच. मी एकदाही माफी मागितली नाही.

आता त्याच संस्थेचं पत्र आलंय. कायमच्या दालनासाठी होडी हवी, खाली देणगीदार म्हणून माझं नाव कोरतील.

होडी मिळणार नाही. ज्याला बघायचीय त्यानं वाड्यात यावं, बूट बाहेर काढावेत. जलमार्गाचं नंतर सांगेन. आधी हे सांगेन, की या होडीत माझी आई बसली होती आणि मी तिला मावशी म्हणालो होतो.