गॅस बारीक करणारे मास्तर

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या गाडीला ब्रेक दोन: एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. पहिला बहुतेक नवाकोराच राहिलेला. समोर मांजर दिसलं की मास्तरांचा पाय खाली, सायकल दिसली की खाली, आणि काहीच दिसलं नाही तर 'काहीच कसं दिसत नाही' म्हणून खाली. बसमध्ये बसले तरी पुढच्या सीटखाली त्यांचा पाय काहीतरी दाबत असायचा. न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा. न्हावी म्हणायचा, "मास्तर, हातात वस्तरा आहे, ट्रक नाही."

अशा माणसावर संध्याकाळच्या स्वयंपाकाची जबाबदारी आली.

त्यांची बायको हॉस्पिटलच्या धुलाई विभागात होती. निम्मं आयुष्य चादरी मोजण्यात गेल्यावर आता कुठे तिला संध्याकाळच्या पाळीची प्रमुख करायचं वरच्यांच्या मनात आलं होतं. आठवडाभर पाळी करून बघायची आणि शनिवारी हो की नाही ते सांगायचं. ती जागा तिला किती हवी होती, हे ती बोलली नव्हती. पण न घसरणारे नवे बूट घेऊन आली होती आणि ते कपाटात न ठेवता पलंगाशेजारी, उठल्याबरोबर पायाला लागतील असे ठेवले होते. त्यावरून काय ते समजावं.

मंगळवारी सकाळी तिने कचऱ्याची बादली उघडली. आत हॉटेलचे तेलकट डबे. वर मास्तरांना पित्त, आणि नववीतल्या लेकीचं तोंड आलेलं.

"अहो, हे काय? मी तिकडे लोकांच्या चादरी पांढऱ्या करायच्या आणि इकडे माझ्या माणसांनी हे खायचं?"

"अगं, एक दिवस चालतं."

"आज एक दिवस, उद्या एक दिवस. असंच चालणार असेल तर शनिवारी मी नाही म्हणून मोकळी होते." मग आवाज उतरला. "खरंच होते हं."

ती चिडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. हा उतरलेला आवाज मात्र दिवसभर त्यांच्याबरोबर गाडीत बसून फिरला.

बुधवारी मास्तर पेटून उठले. पहाटे चालायचं, चहा अर्धा, साखर बंद, संध्याकाळी दोन भाज्या, एक सूप. दुपारपर्यंत चहाने दगा दिला आणि संध्याकाळपर्यंत उरलेले निश्चय त्याच्या मागोमाग चालते झाले. लेक दारात उभी राहून बघत होती. पोरगी नववीत, पण जीभ केव्हाच पदवीधर झालेली.

"बाबा, तू पहिल्या दिवशी कोणाला घाटात नेतोस का?"

"वेडी आहेस? मैदानात. गोल गोल."

"मग आपण पण गोल गोल. एकच पातेलं. तांदूळ, बटाटा, मटार, वरून अंडी फोडायची. रोज हेच."

"रोज? कंटाळा येईल."

"आधी भात येऊ दे, मग कंटाळा."

तिने पातेलं चढवलं, फोनवर गजर लावला आणि शेजारच्या खोलीत गणितं सोडवायला गेली. मास्तर ओट्याशी उभे. पातेलं खदखदायला लागलं, झाकण थडथडलं, कडेने फेस डोकावला. मास्तरांचा हात गॅसच्या बटणाशी गेला. बारीक. अजून बारीक. जीव भांड्यात पडला.

गजर वाजला, लेकीने झाकण काढलं. तांदूळ दाताखाली कचकचत होता. अंडी वर तशीच थरथरत होती.

पुन्हा डबे आले.

गुरुवारी तिने पाणी वाढवलं, बटाटे बारीक चिरले. पुन्हा तेच. या वेळी ती काही टोमणा मारेल म्हणून मास्तर वाट बघत राहिले. ती फक्त म्हणाली, "मला नाही येत. आईला सांग, शनिवारी नाही म्हण म्हणून," आणि डब्याला हात न लावता, डोळे पुसत खोलीत गेली.

शुक्रवारी मास्तरांच्या गाडीत शिंपीणबाई होत्या. परीक्षेत दोनदा नापास. दोन्ही वेळा चौकात गाडी थांबवायचीच विसरलेल्या. चौक आला. गाडी अगदी रेषेवर, हळुवार थांबली.

"मास्तर, खरं सांगा. आत्ता गाडी मी थांबवली की तुम्ही?"

"तुम्हीच की!" मास्तर म्हणाले आणि त्यांनी खाली पाहिलं. स्वतःचा पाय पार तळाशी गेलेला होता. मागच्याने हॉर्न वाजवला, त्याच्या मागच्यानेही वाजवला. मास्तरांच्या डोळ्यांपुढे मात्र थरथरणारी अंडी होती.

घरी येऊन त्यांनी चपलाही काढल्या नाहीत.

"ऐक. तुझा भात मी कच्चा ठेवला. तू आत गेलीस की मी गॅस बारीक करायचो."

लेकीने पेन खाली ठेवलं. "दोन्ही दिवस?"

"दोन्ही."

"आणि मी रडले तेव्हा बोलला नाहीस?"

"मला तेव्हा कळलंच नव्हतं, बाळा. हात आपला जातो."

आता तोफ सुटणार म्हणून मास्तरांनी मान खाली घातली.

"म्हणजे मला येतो?"

"बहुतेक येतो."

"बाबा, तू बाहेर जा."

"गॅलरीत?"

"जिन्यात. आणि दार मी आतून लावणार."

मास्तर पायरीवर बसले, उठले, पुन्हा बसले. वरचे काका भाजीची पिशवी घेऊन आले. "काय मास्तर, घरातून काढलं?" मास्तर म्हणाले, "हवा खातोय." जिन्यात हवा नव्हती. आतून खदखद ऐकू आली, झाकण धडधडलं, काहीतरी उतू जाऊन चर्र झालं. मास्तरांनी कठडा धरला. मग करपल्याचा वास आला. त्यांनी दारावर टकटक करायला हात उचलला आणि तोच हात खिशात कोंबला.

कडी निघाली. "ये. खाली लागलाय, वरचा चांगला आहे."

वरचा खरंच चांगला होता. दोघं जेवले. लेकीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि उगाच ताठ बसली.

चहाच्या सुट्टीत बायकोचा फोन आला. मागे यंत्रांची घरघर.

"जेवलात?"

"जेवलो."

"बादलीत काय आहे?"

"बटाट्याची सालं. भात केला हिने. बुडाला करपलाय."

"मग उद्या हो म्हणू?"

अजून आठवडाभर बघू, घाई कशाला, सवय टिकते की नाही कोण जाणे... मास्तरांच्या तोंडात सगळं तयार होतं. समोर लेक घास हातात धरून थांबली होती.

"म्हण," मास्तर म्हणाले. "हो म्हण."

फोन ठेवून त्यांनी पातेल्यात पाणी ओतलं आणि घासायला घेतलं. करपलेला थर काही सुटत नव्हता. त्यांनी जोर लावला. उद्या संध्याकाळी हेच पातेलं लागणार होतं.