नावड्याहून आणलेल्या गोळ्या

माझ्या बायकोच्या शोकसभेत पाच-सहा जण बोलले. प्रत्येकाने एक गोष्ट हटकून सांगितली, की काकूंनी आयुष्यात कधी दुखण्याची गोळी घेतली नाही. मी पहिल्या रांगेत बसून मान हलवत होतो. ती रोज दोन घ्यायची, शेवटी शेवटी तीन. आणून मीच द्यायचो.

पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात मी पॅकिंग खात्याचा सुपरवायझर होतो. चाळीस माणसं माझ्या शब्दावर हलायची. निवृत्त झालो आणि माझं ऐकायला एकटी बायको उरली. तीही उलट बोलणारी. अशात पलीकडच्या सेक्टरमधल्या तिशीतल्या एका गृहस्थाने मला त्याच्या धंद्याच्या सभेला नेलं. तिथे एकाने दुसऱ्याला जोडायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. ज्याने मला जोडलं तो माझा अपलाइन. वयाने माझ्या मुलीएवढा, पण मला चारचौघांत ‘सर’ म्हणायचा. ते ‘सर’ टिकवायला मी काहीही करायला तयार होतो.

माल म्हणजे सांधेदुखीवरची एक पावडर, दुधातून घ्यायची. पण डबा वाचून कोणी जोडलं जात नाही, गुण आलेलं माणूस दाखवावं लागतं. माझ्याकडे बायको होती. तिचे दोन्ही गुडघे गेलेले, आणि आम्ही कळंबोलीत चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. पहिल्या महिन्यात तिला जरा बरं वाटलं. मी ते सभेत उभं राहून सांगितलं, टाळ्या पडल्या. दुसऱ्या महिन्यात दुखणं परत आलं. तोवर माझ्या हाताखाली अकरा माणसं आली होती.

मग दर रविवारचा एक रिवाज पडला. अपलाइन नवीन माणसांना घेऊन इमारतीखाली यायचा. बायको हातात भाजीची पिशवी घेऊन तिथे उभी असायची, जशी काही आत्ताच बाजारातून आली. मग सगळ्यांच्या पुढे ती चार मजले चढायची. कठड्याला हात लावायचा नाही, असं मी बजावलं होतं. वर आल्यावर लगेच बसायचं नाही, सरळ ओट्यापाशी जाऊन चहा टाकायचा. पाहुणे धापा टाकत सोफ्यावर बसायचे आणि अपलाइन म्हणायचा, “बघा, काकू उभ्या आहेत आणि आपण बसलोय!” सगळे हसायचे.

खाली ती तासभर आधी जायची. एकेका पायरीवर बसत, घसरत. ते कुणी बघायचं नाही.

गोळ्यांशिवाय हे जमणारं नव्हतं. इमारतीसमोरचा मेडिकलवाला माझ्याच हाताखाली जोडलेला, त्याच्याकडून घेणं शक्य नव्हतं. म्हणून मी रिक्षाने नावड्याला जायचो. तिथल्या दुकानदाराला सांगायचो, माझ्यासाठी हव्यात, कंबर धरते. पाकिटं फाडून गोळ्या पावडरच्याच एका रिकाम्या डब्यात ओतायचो. बायकोने पहिल्यांदा तो डबा उघडून पाहिला आणि म्हणाली, “हा डबा मात्र गुण देतो बघा. हाच विका.”

मी हसलो नाही. मी तिला म्हणालो, “तुझं हे निगेटिव्ह बोलणं बंद कर.”

निगेटिव्ह माणूस तोडायचा, हा धंद्यातला पहिला नियम. सभेत तो रोज घोकून घ्यायचे. मी तो तळमजल्यावरच्या शेजारणीवर चालवला. ती बायकोची वीस वर्षांची मैत्रीण, दोघी एकाच गाळणीतला चहा प्यायच्या. एका रविवारी ती दारातून पाहुण्यांना म्हणाली, “वहिनी चढतात ते बघितलंत, उतरतात ते पण बघून जा.” संध्याकाळी मी बायकोला सांगितलं, तिच्या दारात पाय ठेवायचा नाही. इमारतीतल्या माझ्या माणसांनाही सांगितलं, बाई जळते, बोलू नका. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावलं नाही. बायको नंतर उतरताना तिच्या बंद दारासमोरच्या पायरीवर जरा जास्त वेळ बसायची. मी वरून हाक मारायचो, “आटप, लोक येतील.”

मुलीने ऑपरेशनची तारीख घेतली. त्याच आठवड्यात वाशीला मोठा कार्यक्रम होता. मला स्टेजवर बोलावून बढतीची पिन लावणार होते आणि बायकोला पायऱ्या चढून माझ्याशेजारी यायचं होतं. मी मुलीला न विचारता तारीख रद्द केली.

“अहो, कार्यक्रम झाल्यावर तरी करू या ना,” बायको म्हणाली.

“गुडघे बदललेस तर मी लोकांना कुठल्या तोंडाने सांगू?”

“मग तोंड तुमचं ठेवा आणि गुडघे माझे जाऊ द्या.”

ती स्टेजवर छान चालली. सकाळपासून तीन गोळ्या झाल्या होत्या.

त्यानंतर दोन वर्षांनी तिचे पाय सुजले, तोंड सुजलं. अपलाइनच्या गाडीतून आम्ही इस्पितळात गेलो, तो आतपर्यंत आला. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितले आणि विचारलं, “किडन्यांवर परिणाम दिसतोय. दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं घेताय? रोज?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. अपलाइन माझ्या खुर्चीमागे उभा होता.

“छे, गोळ्या नाहीतच,” मी म्हणालो. “कधी ताप आला तर एखादी.”

“तुम्ही सांगा आजी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“हे सांगतात तेच,” बायको म्हणाली.

घरी गेल्यावरही ती गोळ्या घेतच राहिली, कारण रविवार चालूच होते. किडन्या पूर्ण बसल्या तेव्हा मुलीला स्वयंपाकघरात तो डबा सापडला. तिने तो माझ्यासमोर ओट्यावर उपडा केला. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. बायको त्यानंतर दीड महिना जगली. ती एवढंच म्हणाली, “आता मला जिना चढायला लावू नका.” तिला खुर्चीत बसवून चौघांनी खाली नेलं. ती परत वर आली नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि मी तळमजल्यावर जाऊन शेजारणीला सगळं सांगितलं. तिने आत या म्हटलं नाही.

“मला काय सांगता भाऊजी? मला डोळे होते. तुम्ही सभेला गेलात की ती माझ्याकडे यायची, मग मीच धरून तिला वर पोचवायचे. तुम्ही बोलायचं बंद केलंत, आम्ही केलं नव्हतं. सांगायचंच असेल तर जिथे टाळ्या घेतल्यात तिथे जाऊन सांगा.”

दार लागलं.

पुढच्या रविवारी मी सभेच्या हॉलवर गेलो. अपलाइनने माझ्या पाया पडून माईक हातात दिला. “ज्यांच्या घरातून हा धंदा उभा राहिला ते सर!” म्हणाला. गोळ्यांचं खरं सांगायचं वाक्य मी पाठ करून गेलो होतो. पहिल्या रांगेत माझ्या बायकोच्या वयाची एक बाई बसली होती. काठी खुर्चीला टेकवलेली, मांडीवर नवा डबा. ती माझ्याकडे असं बघत होती, जसं कारखाना सुटल्यापासून कोणीही बघितलं नव्हतं.

“माझ्या बायकोने,” मी म्हणालो, “आयुष्यात एकही गोळी घेतली नाही.”

टाळ्या थांबेनात.

खाली उतरल्यावर ती बाई काठी टेकत आली. “मुलगा ऑपरेशन कर म्हणतो,” ती म्हणाली. “पण तुमचं ऐकलं आणि धीर आला. किती दिवस घ्यावं लागेल?”

“सहा महिने,” मी म्हणालो. “नेमाने घ्या.”

तिचं नाव मी विचारलं नाही. कळंबोलीतच राहते, एवढं म्हणाली. ही पानं मी उद्या इमारतीच्या नोटीस बोर्डावर लावणार आहे आणि एक प्रत मेडिकलवाल्याच्या काउंटरवर ठेवणार आहे. बाई, मी त्या दिवशी खोटं बोललो. मुलाचं ऐका.