थ्रीडीच्या कोपऱ्यातल्या ताई

"हात पुढे करा, सापडतोय का बघा," असं म्हणत ताई गिऱ्हाइकाच्या हातात काळा चष्मा द्यायच्या. पडद्यातला मासा पोहत बाहेर आल्यासारखा वाटायचा आणि चांगली पोक्त माणसं हवेत मुठी मारायची. ताई हसायच्या. दिवसभर तेच वाक्य, तेच हसू.

कर्वेनगरच्या त्या दुकानात मी फ्रिज विकायचो. समोरच्या कोपऱ्यात ताईंचे थ्रीडी टीव्ही. अशा दुकानांतून तुम्हीही हिंडला असाल. विकणाऱ्यांच्या पायांकडे सहसा कुणी बघत नाही. दुपारपर्यंत आमचे पाय भरून यायचे. चष्मे पुसता पुसता ताई एकेक पाय चपलेतून काढून गार फरशीवर टेकवायच्या. "दुकानात तेवढी फरशी फुकट आहे," म्हणायच्या.

मग चष्म्याशिवाय थ्रीडी दिसणारा एक टीव्ही आला. त्याच्यापुढे ठरावीक जागीच उभं राहावं लागे, म्हणून फरशीवर पावलांचं चित्र चिकटवलं होतं. गिऱ्हाईक नसलं की ताई त्या पावलांवर उभ्या राहायच्या. जराशा डावीकडे सरकायच्या, जराशा उजवीकडे.

"दिसतंय का ताई?" मी एकदा विचारलं.

"न दिसायला काय झालं?" म्हणाल्या, आणि पुन्हा चष्मे पुसू लागल्या.

एका रविवारी एक बाई मुलगा आणि मुलगी घेऊन आल्या. टीव्ही घ्यायचा जवळजवळ ठरलाच होता. मुलगा चष्मा लावून खिदळत मासा पकडू लागला. धाकटी मुलगीही हात मारत होती, पण प्रत्येक वेळी आधी भावाकडे बघून. ताईंचं हसू मावळलं. त्यांनी मुलीचा चष्मा काढला, तिचा एक डोळा तळहातानं झाकला आणि बोटं दाखवली. मुलीनं बरोबर सांगितलं. मग दुसरा डोळा झाकला. मुलीनं भलताच आकडा सांगितला.

"मॅडम, टीव्ही राहू द्या. आधी हिचे डोळे दाखवून या."

"तुम्ही टीव्ही विकता की डॉक्टर आहात?" बाई फटकन म्हणाल्या.

"डॉक्टर नाही हो. पण मलाही तो मासा कधी दिसलेला नाही. माझा एक डोळा लहानपणीच अधू राहिला. हिचं अजून बरं व्हायचं वय आहे."

बाई मुलांना ओढत निघून गेल्या. साहेब मागेच उभे होते.

"म्हणजे इतके दिवस आपण ऐकीव माहितीवर टीव्ही विकत होतात?"

"हो," ताई म्हणाल्या. "खपत होते ना?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांना वॉशिंग मशीनकडे पाठवलं. दिवसभर झाकणं उघडायची, लावायची. संध्याकाळी स्वतःचा खांदा दाबत म्हणायच्या, "इथं निदान जे सांगते, ते मला दिसतं तरी."

काही महिन्यांनी त्या बाई परत आल्या, ताईंना शोधत. मुलीच्या एका डोळ्यावर पट्टी होती. "चांगल्या डोळ्यावर लावायची असते म्हणे. वेळेत आणलंत, असं म्हणाले डॉक्टर," बाई म्हणाल्या.

ताई मुलीपुढे उकिडव्या बसल्या. "काय गं, चोरून पट्टी काढतेस का?"

मुलीनं आईकडे बघितलं आणि हळूच मान हलवली.

"मीपण काढायचे," ताई म्हणाल्या. "शाळेत सगळे चिडवायचे. आईला वाटायचं, लेक दिवसभर पट्टी लावते." त्यांनी पट्टीची सुटलेली कड अंगठ्यानं नीट दाबून बसवली. "तू नको काढूस."

उठताना त्यांना मशीनचा आधार घ्यावा लागला.

दिवाळीची गर्दी सरल्यावर त्यांनी नोकरी सोडली. गुडघे ऐकत नव्हते, आणि वाघोलीला राहणारा मुलगा कधीचा बोलावत होता. त्या संध्याकाळी मी रिक्षापर्यंत त्यांची पिशवी घेऊन गेलो.

"आता काय करणार ताई?"

"झोपणार," ताई म्हणाल्या. रिक्षा वळायच्या आतच त्यांनी मान मागे टेकून डोळे मिटले होते.