मनकर्णाबाई फोनवर भडकतात

वाळूजला मनकर्णाबाईंची खानावळ आहे. शिफ्ट सुटली की चाळीस पोरं तिथं जेवतात, आणि ताटाबरोबर बोलणीही खातात. बाई एखाद्या दिवशी ओरडल्या नाहीत, तर त्यांना ताप आला असावा म्हणून पोरं हळहळतात.

त्या सोमवारी मात्र राग खरा होता. सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक कडुबा हात धुता धुता म्हणाला, "मावशी, वांगं नाय तर दोडका, दोडका नाय तर वांगं! मागच्या गल्लीत नवी मेस निघालीय. हा आठवडा बघतो, नायतर आम्ही सगळेच चाललो तिकडं."

"जा की! आत्ता जा!" बाई कडाडल्या. तो गेल्यावर मात्र शेगडी बंद करून बसून राहिल्या. लेकीचं, अमृताचं कॉलेज याच खानावळीवर चालत होतं.

अमृतानं फोनवर एआय उघडून दिला. "आई, याला विचार. नुसतं बोललीस तरी चालतं."

मदतीच्या बायकांना बाई 'ते घे, त्यात टाक' एवढंच सांगतात आणि स्वयंपाक होतो. त्याच सवयीनं त्या फोनला म्हणाल्या, "भाजी सांग."

फोननं ब्रोकोली सांगितली.

"चांगली सांग!"

फोननं मशरूम सांगितलं.

"मेल्या, मशरूम आणायला चिकलठाण्याहून विमान पकडू व्हय? अरं, चाळीस पोरं जेवतात माझ्याकडं! दिवसभर मशीनवर उभी राहून येतात. दोन शेगड्या हायेत, दोन बाया हायेत. तिखट पाहिजे, स्वस्त पाहिजे, भाकरीसंगं गेलं पाहिजे, तासाभरात झालं पाहिजे. अन् वांग्या-दोडक्याचं नाव काढशील तर फोडीन तुला!"

फोननं मुकाट्यानं आख्खा आठवडा मांडला. मेथी घालून तुरीचं वरण, हरभऱ्याची उसळ, शेंगदाण्याची आमटी. कशात काय किती, तेही.

"हे तर मला येतंच की!" बाई आणखीच भडकल्या.

"मग केलं का नाही?" अमृतानं विचारलं.

"सुचायला उसंत दिली का कुणी? अन् हे आधी सांगायला त्याचं तोंड शिवलं होतं का?"

"आधी तू दोनच शब्द बोललीस, आई. त्यानं आपली खानावळ बघितलीय का? शिव्या देताना सगळं सांगितलंस, तेव्हा कळलं त्याला."

बुधवारी शेंगदाण्याची आमटी झाली. कडुबानं वाटी बोटानं निपटली आणि म्हणाला, "मावशी, त्या मेसचं नाव काढत नाय आता."

"काढून तर बघ! तंगडं मोडीन!" म्हणत बाईंनी त्याच्या ताटात न मागता भाकरी आपटली.

पोरं गेल्यावर त्या स्वतः जेवायला बसल्या, तर पातेलं कोरडं. लागलीच फोन उचलला. "काय माप सांगितलंस रं? मी काय वारा खाऊ?"

अमृता म्हणाली, "माप बरोबर आहे, आई. तू चाळीस पोरं सांगितलीस. त्यात स्वतःला कुठं धरलंस?"

बाईंनी भाकरीवर चटणी घेतली, तेलाची धार धरली आणि फणकारल्या, "ते काय सांगायचं असतं व्हय?"