गोदाबाईंची लिफ्ट

"नामदेव, थांबा! काखेत हात घालून उचलू नका!"

नामदेव दचकून थांबला. पलंगावर त्याची आई, गोदाबाई. झाडावरून पडल्यापासून त्यांचे पाय लुळे होते. अंग भारी. आदल्या आठवड्यात उचलताना त्या हातून निसटल्या होत्या. खांदा सुजला होता. अंथरुणावर पडून पडून पाठीला जखमही झाली होती. आणखी एकदा पडल्या, तर अवघड होतं.

"मंग उचलू कसं, सिस्टरबाई?"

मी तेव्हा चिखलीच्या दवाखान्यात नर्स होते. उंद्री गावात त्यांच्या घरी व्हिजिटला आले होते. परत जाऊन डॉक्टरसाहेबांना विचारलं. पेशंटला झोळीत बसवून उचलणाऱ्या यंत्राला लिफ्ट म्हणतात. त्यांनी कॅटलॉगमधली चाकांची लिफ्ट दाखवली.

"सर, तिथं शेणानं सारवलेली जमीन आहे. चाकं रुततील."

"मग छताला टांगा. पण आधी वजन टांगून बघा."

छताला सागाची जाड तुळई होती. नामदेव विहिरीचा दोर आणि कप्पी घेऊन आला. मी नाही म्हटलं. दोर हातातून सुटला की माणूस खाली. नामदेव कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होता. तिथली जुनी चेनपुली मालकानं दिली. साखळी सोडली तरी ओझं जागच्या जागी राहतं, हा तिचा गुण. त्याची बायको कमल हिनं जाड कॅनव्हासची झोळी शिवली; मांड्यांखाली पट्टे घेतले.

आधी गोदाबाईंहून जड ज्वारीची पोती टांगली. दुसऱ्या दिवसापर्यंत तुळई हलली नाही. मग मी स्वतः बसले. मग गोदाबाई.

"मले कापसाची गठाण समजतो का बे?" त्या नामदेववर खेकसल्या.

तो साखळीकडे वळला. मी अडवलं. "तुम्ही दिवसभर कामावर. कमलला ओढू द्या."

कमल काडीसारखी. तिनं साखळी ओढली. गोदाबाई अलगद वर आल्या. घाबरून डोळे मिटलेले. मग एक डोळा उघडला.

"काऊन थांबली वं? आणखी थोडं वर घे!"

सगळे हसलो. त्याही हसल्या, झोळी हलेपर्यंत. कमलनं त्यांना खुर्चीत उतरवलं. खुर्चीला बांबू बांधले होते. उचलून ओसरीवर नेली. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हाका मारल्या.

पोळ्यापर्यंत पाठीची जखम भरून आली. शेजारच्या बायका झोळीत बसायला मागत. गोदाबाई कुणाला बसू देत नसत.

लिफ्ट निवडणाऱ्यांना मी अजूनही एकच सांगते: घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाच्या हाती देऊन बघा. दुपारी घरी तेच माणूस असतं.