गल्लीत डोकावणारा डबा

ढोकीहून धाकट्या बहिणीचा, शोभाचा फोन आला. "दादा, हे गेले..." एवढंच ती बोलली आणि मी विचारलं, "कोण म्हणतंय?" बहिणीचा नवरा गेल्याचं ऐकून माणसाला रडू फुटावं, माझ्या तोंडून चौकशी निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, असं ती हुंदके देत म्हणाली, तरी बेंबळीहून मोटारसायकलवर येताना मी शंकाच काढत होतो. चांगला चालता-बोलता माणूस दुकानात बसल्या जागी जातो म्हणजे काय? सकाळी तर फोनवर माझी थट्टा केली होती. घरी पोहोचल्यावर दिगंबरदाजींच्या छातीकडं मी बराच वेळ बघत राहिलो, हलतेय का म्हणून. नाही हलली. त्याला आता काही आठवडे झाले, तरी अधूनमधून वाटतं, कुणीतरी नीट तपासायला हवं होतं.

मी जन्माचाच संशयी, आणि नोकरीही तशीच मिळाली. गोदामाच्या फाटकावर बसून बाहेर जाणाऱ्यांच्या पिशव्या बघायच्या. शोभाला हे स्थळ आलं तेव्हा मुलगा ट्रॅक्टरचे रेडिएटर दुरुस्त करतो एवढंच कळलं होतं. मी ओळख न देता शेजाऱ्याचा गळका रेडिएटर घेऊन त्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी डाग मारता मारता स्वतःच्याच कामाचं भरपूर कौतुक केलं आणि निघताना म्हणाले, "पाव्हणं, रेडिएटरचं निमित्त लई झालं. पोरगी कधी दाखवताय?" मी चांगलाच कानकोंडा झालो. लग्न झालं, पण पुढं घरी गेलो की दाजी दारातूनच ओरडायचे, "शोभा, तपासणी आली गं!"

शोभा घरीच लग्नांचे व्हिडिओ जोडून, गाणी घालून द्यायची. लगीनसराई आणि ऊन एकदमच येतं. कम्प्युटर इतका तापायचा की ऐन अक्षता पडताना बंद. दाजींनी ठरवलं, त्याला पाण्यानं गार करायचं. हे ऐकलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. विजेच्या यंत्रात पाणी सोडून माझ्या बहिणीला त्याच्यापुढं बसवणार? जाऊन बघितलं तर मासे पाळणाऱ्यांची छोटी मोटर, नळ्या आणि भंगारातल्या मोटारीचा वहीएवढा रेडिएटर. पाणी नळ्यांतून फिरून कम्प्युटरची उष्णता घेऊन येतं आणि रेडिएटरमध्ये पंखा ते निववतो. पण पंखा रेडिएटरला चिकटवून बसवला तर मधोमध वाराच लागत नाही, म्हणून दाजींनी दोघांच्या मधे तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बोगद्यासारखा डबा बसवला होता. ट्रॅक्टरच्या पंख्यालाही असा घेर असतो म्हणे. सांधे सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बंद केले, आणि हवा कुठून फुटते ते बघायला चहूबाजूंनी उदबत्ती फिरवली. दारातून बघणारी शेजारीण हात जोडून गेली.

"चार बोटं अंतर पुरं," असं त्या दिवशी ते स्वतः मला म्हणाले होते. मग पुढच्या खेपेला डबा हातभर लांब कसा झाला? तो खिडकीतून थेट गल्लीत निघाला होता. पंखा आता बाहेरच्या टोकाला, आतली गरम हवा गल्लीत टाकणारा, त्यावर काळी गोल जाळी, वर पावसासाठी पत्र्याची छपरी. व्हिडिओवाल्यांच्या खिडकीतून गल्लीवर रोखलेलं काळं गोल तोंड! लोक दुसरं काय समजणार? पंखा दिसायचा, पण पंख्यामागं काय आहे ते दिसायचं नाही. कॅमेरा आहे, अशी कुजबुज सुरू झाली. समोरच्या सखूबाईंनी अंगणाला सतरंजी बांधली, पोरी भिंतीच्या कडेनं जाऊ लागल्या. कुणी विचारलं की दाजी भडकायचे. "पंखा हाय म्हणून सांगितलं न्हवं? माझ्या घराची झडती घेता व्हय?"

मी एकदा त्यांना बाजूला घेतलं. "दाजी, चार बोटं पुरतात म्हणाला होता. मग एवढा लांब कशाला?" एका प्रश्नाला दहा वाक्यं बोलणारा माणूस नजर चुकवून एवढंच म्हणाला, "असू द्या की, दादा." तसली नजर मी फाटकावर रोज बघत होतो. शोभाला विचारायचं मला धाडस झालं नाही. खरंच कॅमेरा निघाला तर तिच्या संसाराचं काय? त्या दिवसापासून मी त्यांच्याकडं जेवलो, हसलो, पण खिडकीकडं पाठ करून कधी बसलो नाही.

दाजींचे दिवसपाणी उरकले आणि सखूबाईंचा मुलगा गल्लीतली माणसं घेऊन दारात आला. "आता ते न्हायत. डबा उघडून दाखवा, न्हायतर काढून टाका." मी हो-ना करत होतो. शोभा उंबऱ्यात येऊन म्हणाली, "उघडा, दादा. सगळ्यांसमोर उघडा." मी जाळीचे, पंख्याचे स्क्रू काढू लागलो. आत काही निघालंच, तर गेलेल्या माणसाला जाब कसा विचारायचा, आणि या पोरीनं याच गल्लीत तोंड वर करून राहायचं कसं? कोपरापर्यंत हात घातला. पत्रा, धूळ, कोळ्याचं जाळं... बाकी रिकामं. सखूबाईंच्या मुलानं मोबाईलची बॅटरी आत मारून बघितली आणि जाताना म्हणाला, "आदीच काढून ठिवला असंल." मला त्याचा राग यायला हवा होता, पण त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो.

माणसं गेल्यावर मी शोभाला विचारलं, "मग एवढा लांब केला कशाला?"

"माझ्यामुळं," ती म्हणाली. "गाणी ऐकत व्हिडिओ जोडायचे, तर पंख्याची घरघर कानात बसायची. लई डोकं दुखायचं. म्हणून त्यांनी पंखा भिंतीबाहेर ढकलला."

"मग लोकांना सांगितलं का न्हाय? मला तरी?"

"म्या म्हणलं की, सांगा. तर म्हणाले, बायकोचं डोकं दुखतंय म्हणून डबा लांब केला, हे चारचौघांत सांगू? बाईलवेडा म्हणत्याल. त्यापरीस कॅमेरा म्हणू दे."

मला हसू आलं, आणि हसता हसताच रडू फुटलं. फोन आल्यापासून डोळ्याला पाणी नव्हतं, ते तेव्हा आलं. असला कसला माणूस! गल्लीचा संशय अंगावर घेतला, सख्ख्या मेहुण्याचा घेतला, पण बायकोवरची माया कुणाला कळू दिली नाही. दाजींनी कधी कबूल केलं नसतं, म्हणून आज मीच हे छापून आणतोय. वाचतील तर गल्लीतले हसतील. हसू देत.

डबा मी होता तसा परत बसवला. समोरची सतरंजीही अजून आहे. शोभा फोनवर सांगते की काम पुन्हा सुरू केलंय, वेळेवर जेवते, बरी आहे. फोनवर माणसं काहीही सांगतात. म्हणून ढोकीला गेलो की दार वाजवण्याआधी मी गल्लीत खिडकीखाली थांबतो आणि त्या काळ्या जाळीपुढं तळहात धरतो. सतरंजीआडून कुणीतरी बघत असतं. हाताला हवा कोमट लागली की मगच मी कडी वाजवतो.